चोपड्याच्या रेतीत गुडघाभर

माझा स्वभाव मुळातच उतावळा. बस यायच्या अर्धा तास आधी मी रस्त्यावर जाऊन उभा राहणार. दूध वर येतंय न येतंय तोच चुलीवरून उतरवणार. वर्गात प्रश्न विचारला की मुलांनी तोंड उघडायच्या आत फळ्यावर उत्तर लिहून मोकळा होणार. बायको म्हणायची, "तुमच्या वर्गातली मुलं पास होतात ना, ती तुमच्याच उत्तरांवर." मास्तर माणसाला असलं बोलणं झोंबतं, पण त्यात खोटं काही नव्हतं.

गोवा मुक्त होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. गावोगाव मराठी शाळा निघाल्या होत्या आणि मास्तर कमी पडत होते, म्हणून बांद्याच्या बाजूचा मी लाटंबार्शाला येऊन पडलो. राहायला काजूच्या बागेच्या कडेला दोन खोल्या मिळाल्या. पुढे लग्न झालं ते चोपडे गावच्या मुलीशी. ती शापोरा नदीच्या काठावर वाढलेली. तिला लाटंबार्शात काजू, भात, फणस सगळं आवडायचं, फक्त नदी नव्हती त्याचा राग. "इथे वारासुद्धा विचारून येतो," असं ती म्हणायची. माझ्याशी ती पुस्तकातलं मराठी बोलायची, पण राग आला की तिच्या तोंडात चोपड्याची बोली यायची, आणि मग मी गप्प बसावं हे उत्तम.

आमची मुलगी दहाव्या महिन्यात कदेलीला धरून उभी राहिली. कदेल म्हणजे खुर्ची, आमच्या घरमालकाने दिलेली, एक पाय आखूड असलेली. ती खुर्ची डुगडुगायची आणि तिच्याबरोबर पोरगीही डुगडुगायची, आणि आम्ही दोघं टाळ्या पिटायचो. तिचा पहिला वाढदिवस झाला आणि पंधरा दिवसांत तिला ताप भरला. चार दिवस अंग नुसतं फणफणत होतं. पाचव्या दिवशी ताप उतरला, पोरगी हसली, पेज प्यायली. आम्हाला वाटलं, सुटलो. तिला कदेलीशी उभी करायला गेलो तर तिने डावा पाय टेकवलाच नाही. पाय उचलून धरला आणि मटकन खाली बसली.

शेजारच्या गावातल्या एका मुलाचा पाय असाच तापानंतर गेला होता. त्या तापाचं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण आमच्या घरात ते कुणी उच्चारत नव्हतं. मी तिला पणजीला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी पाय वाकवून पाहिला, गुडघ्यावर लहानशी हातोडी मारली, तळव्याला गुदगुल्या केल्या. म्हणाले, "पायात जोर आहे, पण किती आहे ते आज सांगता येणार नाही. तेल लावून चोळत राहा. ती आपणहून चालली पाहिजे. आपणहून, लक्षात आलं ना मास्तर? जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत आणून दाखवा. तोवर नाही चालली तर लोखंडी पट्टी लावायचं बघू." मी परतीच्या बसमध्ये बसलो तो फक्त 'लोखंडी पट्टी' एवढेच शब्द घेऊन. 'आपणहून' हा शब्द पणजीलाच राहिला.

मग आला चैत्र. मला आज वाटतं, आमच्या संसारातला तो सगळ्यात सुंदर उन्हाळा असणार. असणार असं म्हणतो, कारण मी तो बघितलाच नाही. काजूची बोंडं पिकून झाडाखाली सडा पडायचा. सकाळी बायको कमरेवर पोरगीला घेऊन बिया वेचायला जायची. शेजारी दगडी डोणीत बोंडं तुडवायचे आणि त्यांचा पहिला रस, ज्याला तिथे नीरो म्हणतात, तांब्याभर आमच्याकडे पाठवायचे. पोरगीने पहिल्यांदा नीरो चाखला तेव्हा सगळं तोंड वाकडं केलं, अंग शहारलं, आणि लगेच तांब्याकडे हात केला. बायको हसून हसून जमिनीवर बसली. पोरगीला वरचे दोन दात आले होते, त्या दातांनी तिने पहिला आंबा फोडला आणि कोपरापर्यंत रस ओघळू दिला. सकाळी पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की ती "पा, पा" करून ओरडायची. बायको म्हणायची की पहिला शब्द पाव, म्हणजे ही खरी गोव्याची. मी मात्र म्हणायचो, "ते राहू दे, आज उभी राहिली का?"

दिवसभर माझं एकच चाललेलं. शाळेतून आलो की चप्पल काढायच्या आधी पोरगीचा पाय हातात. मी तिचे तळवे ओले करून तिला जमिनीवर टेकवायचो आणि डाव्या पायाचा ठसा गडद की उजव्याचा, ते वाकून बघायचो. सारवलेल्या जमिनीवर खडूने रेघा मारल्या होत्या, पहिल्या रेघेपासून दुसरीपर्यंत किती पावलं टाकते ते बघायला. डिचोलीच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचा पांगुळगाडा करून आणला. गाडा धरून ती छान चालायची, पण गाडा बाजूला घेतला की बसायची. मग गाडा ठेवला आणि माझं बोट दिलं. माझं बोट धरून ती अंगणभर फिरायची, डावा पाय किंचित ओढत, पण फिरायची. बोट सोडवायला गेलं की तोल जायचा, आणि तोल जातोय असं दिसलं रे दिसलं की मी झडप घालून तिला उचलायचो. पडू कशी देणार? आधीच पाय तसला!

"तुम्ही तिला सोडतच नाही," बायको म्हणाली.

"सोडलं तर पडेल."

"पडू दे की! पडल्याशिवाय कोण चाललंय?"

"तुझा जीव दगडाचा आहे," मी बोलून गेलो. ती आत गेली आणि भांडी आपटायला लागली. मला लगेच पश्चात्ताप झाला, पण तो तोंडातून बाहेर काढायची सवय नव्हती.

तिच्या माहेरी एक चाल होती. मूल पहिल्यांदा आपल्या पायांनी उंबरा ओलांडून बाहेर आलं की नारळ फोडायचा आणि खोबरं-गूळ आळीत वाटायचा. बायकोने त्यासाठी ताप यायच्या आधीच एक नारळ फळीवर ठेवला होता. कितीही अडचण आली तरी त्याला हात लावायचा नाही असा दंडक. कधीकधी ती तो काढून कानाशी हलवायची आणि परत ठेवायची. आतलं पाणी दर महिन्याला कमी वाजत होतं. ती मला काही बोलून दाखवत नव्हती, पण तिचा जीवही टांगणीला लागला होता, हे मला कळायला हवं होतं.

आणि मग त्या दोऱ्याचं प्रकरण झालं. मी दर रविवारी एक पांढरा दोरा पोरगीच्या पोटरीभोवती गुंडाळून बघायचो. उजव्या पोटरीला कुठे पुरतो तिथे एक गाठ, डाव्या पोटरीला कुठे पुरतो तिथे दुसरी. दोन गाठींत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर होतं. दर रविवारी मी ते अंतर बघायचो आणि मग सोमवारपर्यंत मला जेवण गोड लागायचं नाही. दोरा सदऱ्याच्या खिशात असायचा. एके दिवशी धुवायला टाकलेल्या सदऱ्यात तो बायकोला सापडला. तिने विचारलं, हे काय? मी सांगितलं. तिने दोन्ही गाठी बोटांनी चाचपल्या, आणि बघता बघता तिचे डोळे भरून आले. मग ती उठली आणि दोरा सरळ चुलीत टाकला.

"माझ्या चेडवाक परत मोजशात तर बघा!" ती म्हणाली. चेडू म्हणजे मुलगी. बोली तोंडात आली होती, म्हणजे आता बोलणं संपलं. "सुट्टी लागली की मी आईकडे चालले. तुम्हाला यायचं तर या."

आईकडे जायचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. माझ्या सासूबाईंचा निरोप येऊन महिना झाला होता. उशिरा चालणाऱ्या पोराला त्यांच्याकडे नदीकाठच्या ओल्या रेतीत खड्डा करून उभं करतात. गुडघ्यापर्यंत रेती चोपायची, म्हणजे मूल कुणाच्या आधाराशिवाय ताठ उभं राहतं आणि पायात बळ येतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांची सगळी मुलं अशीच उभी राहिली होती, त्यात माझी बायकोही आली. निरोप ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. मी वर्गात विज्ञान शिकवणारा माणूस! तापाने अशक्त झालेला पाय गार रेतीत पुरायचा? आखडला म्हणजे? मी तेव्हा साफ नाही म्हणून कळवलं होतं.

पण बायको निघाली, आणि पोरगीला सोडून राहणं मला जमणारं नव्हतं. परीक्षांचे निकाल लावले आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. डिचोली, म्हापसा, शिवोली असं बस बदलत, मग फेरीबोटीने नदी ओलांडून चोपडे. फेरीबोटीवर पोरगीने पहिल्यांदा एवढं पाणी पाहिलं. ती कठड्याच्या फटीतून बघत राहिली आणि एकदम "आ!" करून ओरडली. सगळ्या बोटीने वळून पाहिलं. बायकोचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा झाला होता. माझी मान मात्र खाली, कारण मी पोरगीचं बखोट घट्ट धरून ठेवलं होतं आणि त्यातच गुंतलो होतो.

सासूबाई म्हणजे बारीक चणीची, काळीसावळी, कमी बोलणारी बाई. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि ओहोटीच्या वेळी नदीच्या रेतीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, शोधायच्या हा त्यांचा रोजचा नेम. कमरेत वाकून, हातातल्या करवंटीने रेती उपसत त्या तास न् तास फिरायच्या. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, दोन्ही पाय हाताने दाबून पाहिले. दोन दिवस त्या नुसत्या बघत होत्या. पोरगी अंगणात माझं बोट धरून फिरली की त्या तांदूळ निवडता निवडता बघायच्या. पोरगीचा तोल गेला आणि मी झडप घातली की त्या परत तांदळाकडे बघायच्या. मला वाटलं, आता रेतीचा विषय निघेल, मग मी काय काय सुनावणार ते मनात जुळवून ठेवलं होतं. विषय निघेना, आणि माझी चुळबुळ वाढायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीचं पाणी पुरतं उतरल्यावर त्यांनी टोपली उचलली. "चला मास्तरांनू, नदीर जावया. चेडवाकय घेवा."

"पण मी आधीच सांगतो," मी सुरू केलं, "मुलीला रेतीत पुरायला माझी परवानगी नाही. ओल्या रेतीचा दाब किती पडतो, रक्त थांबतं का, कुणी बघितलंय?"

त्यांनी मान डोलावली. "खरा आसा. मगे आधी तुमी उभे रवा. तुमका काय जाता ता बघूया."

मला ही गोष्ट एकदम पटली. आधी प्रयोग आपल्यावर, मग दुसऱ्यावर. याला म्हणतात विज्ञान! मी धोतर वर खोचलं आणि उभा राहिलो. त्यांनी पाण्यापासून थोडं वर, ओल्या रेतीत करवंटीने भराभर खड्डा केला, त्यात निघालेल्या तिसऱ्या टोपलीत टाकल्या, माझे दोन्ही पाय आत घेतले आणि रेती लोटली. नुसती लोटली नाही, पायाने तुडवून, हाताने थापटून, वरून पाणी ओतून अशी चोपली की गुडघ्याखालचा मी नदीचा झालो. गार वाटत होतं, बरं वाटत होतं. मी म्हणालो, "दाब आहे, पण सोसवेल असा आहे." बायको पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघत होती.

सासूबाईंनी माझ्या हातातून पोरगी घेतली. पाच-सहा पावलं लांब गेल्या, तिला रेतीवर उभी केली आणि स्वतः तीन पावलं मागे सरल्या.

"अहो, धरा तिला!" मी ओरडलो.

त्या उभ्याच. मी पाय उपसायला गेलो, पाय हलेना. वळवळ केली तशी रेती आणखी घट्ट बसली. पोरगी आधाराशिवाय उभी होती, दोन्ही हात वर, डावा गुडघा थरथरत होता. ती माझ्याकडे बघत होती. मी पुढे वाकून दोन्ही हात लांब केले, पण मधे एवढं अंतर. तिने माझ्या बोटासाठी हात पुढे केला, हाताला काही लागलं नाही आणि ती धपकन बसली. ओठ थरथरले आणि तिने भोकाड पसरलं.

"जा ना, उचल तिला!" मी बायकोला म्हणालो. बायको एक पाऊल पुढे आली. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "कोणी जायचा नाय." बायको थांबली. तिने दोन्ही हातांच्या मुठी छातीशी धरल्या होत्या. मी सासूबाईंना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मास्तरकी, जावईपण, सगळं विसरलो. त्या ऐकून घेत होत्या. एकदाच म्हणाल्या, "मास्तरांनू, चेडू तुमच्या बोटान चलता. पायान चलूक तुमी दिलास खंय?"

पोरगी रडत होती आणि मधेच रडायची थांबून बघत होती की कुणी येतंय का. कुणी येत नाही असं दिसल्यावर तिने हात रेतीवर टेकले. बूड वर केलं. उजवा पाय रोवला. मग डावा. पडली. परत हात टेकले. या खेपेला डावा पाय आधी रोवला आणि उभी राहिली. तोंडाला रेती, नाकाला शेंबूड, डोळ्यांत पाणी. एक पाऊल. थांबली. दुसरं. चार, पाच, मधे डुलली, हात पसरून सावरली. ती अगदी माझ्यासमोर आली, तीन पावलांवर, आणि तिने बोटासाठी हात पुढे केला. माझा हात आपोआप पुढे गेला.

"हात मागे!" सासूबाई ओरडल्या.

आयुष्यात मला इतकं जड काही गेलं नाही. लेक हात मागतेय आणि बापाने द्यायचा नाही! मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसरा मनगटात गच्च आवळून धरला. पोरगी रागावली. रागाने एक पाऊल टाकलं, मग दुसरं, तिसरं, आणि येऊन माझ्या पोटावर आदळली. मी तिला कवटाळलं. बायको धावत आली आणि आम्हा दोघांना धरून रडायला लागली, मीही रडलो, आणि रडण्यातून आधी सुटली ती पोरगीच. तिने स्वतःला आमच्या हातांतून सोडवून घेतलं आणि वळून आजीच्या टोपलीकडे चालायला लागली.

ओल्या रेतीवर तिची पावलं उठली होती. सवयच वाईट, मी वाकून वाकून बघितली. डाव्या पावलाच्या पुढे अंगठ्याने ओढलेली एक बारीक रेघ होती. ती रेघ आजही आहे. दमली की ती डावा पाय किंचित ओढते, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. जूनमध्ये पणजीच्या डॉक्टरांनी तिला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालताना पाहिलं आणि लोखंडी पट्टी नको म्हणाले. त्याच संध्याकाळी लाटंबार्शात तिने उंबरा ओलांडला आणि आम्ही फळीवरचा नारळ फोडला. पाणी अर्धं आटलं होतं, खोबरं मात्र फार गोड निघालं.

पण ते पुढचं. त्या सकाळी पोरगी टोपलीतल्या तिसऱ्या एकेक करून बाहेर फेकत होती आणि मी अजून रेतीतच होतो. भरती लागायला आली होती. सासूबाई करवंटी घेऊन आल्या आणि माझे पाय उकरायला बसल्या. मी म्हणालो, "चुकलो." आधी त्यांना म्हणालो, मग बायकोकडे बघूनही म्हणालो. एवढा एक शब्द तोंडातून काढायला मला सगळा उन्हाळा लागला होता. बायकोने पदराने माझ्या तोंडावरची रेती पुसली.

"मगे रेतीत चेडवाक उभी करूया?" सासूबाईंनी विचारलं.

"आता कशाला?" मी म्हणालो.

त्या पहिल्यांदाच हसल्या. "आता बघूया, तुमका चलूक येता काय."

माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. खड्ड्यातून बाहेर काढलेलं पहिलं पाऊल टेकलं तेच लटपटलं आणि मी सपशेल बसलो. बायको हात द्यायला वाकली.

"धरू नको गो," सासूबाई म्हणाल्या. "उठतत ते."

आणि माझी लेक, आपल्या दोन पायांवर उभी राहून, दोन्ही हातांत तिसऱ्या घेऊन, बाप कसा उठतो ते बघत होती.